दार धरणारा मीच होतो

(या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेली 'म्हणजे' आणि 'बेसिकली'ची गर्दी थोडी कमी केली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

मागच्या भागात आपण पासवर्ड आणि ओटीपीबद्दल बोललो. त्यानंतर बऱ्याच जणांनी विचारलं की फिशिंगवर कधी बोलणार. बोलू, नक्की बोलू. पण आज जरा वेगळा विषय घेतोय. आज कॉम्प्युटर नाही, दार. आपल्या ऑफिसचं काचेचं दार. बाजूला काळी डबी असते, आपण कार्ड लावतो, टिक वाजतं, हिरवा दिवा लागतो, आत जातो. त्या दारातून ज्याला आत यायचा काही हक्क नाही असा माणूस आत कसा येतो, हे बघायचंय.

हा विषय घ्यायचं कारण सरळ आहे. मागच्या पावसाळ्यात आमच्या ऑफिसात असा एक माणूस आला, आणि त्याच्यासाठी दार मी धरलं होतं.

ऑफिस नागपुरातलंच, नाव घेणार नाही. सकाळचे पावणेदहा. पाऊस असा की वर्धा रोडवर गाड्यांचे लाईट लागलेले. माझ्या एका हातात हेल्मेट, दुसऱ्या हातात डबा, रेनकोटमधून पाणी गळतंय. मी कसंबसं कार्ड लावलं, दार उघडलं, मागे बघितलं तर एक पोरगा. माझ्याच वयाचा, फॉर्मल शर्ट, दोन्ही हातांत मोठं खोकं. गळ्यात निळी दोरी, कार्ड शर्टाच्या खिशात खोचलेलं. तो म्हणाला, "भाऊ, जरा पकड ना." मी म्हणालो, "अरे ये ना." मी पायाने दार अडवलं, तो आत आला, "थँक्यू भाऊ" म्हणाला आणि डावीकडे वळला. मी उजवीकडे वळलो. संपलं. नंतर सीसीटीव्हीत बघितलं तर सगळा प्रकार चार सेकंदांचा आहे.

साडेबाराला तीन लॅपटॉप सापडेनात. ज्यांचे होते ते मीटिंगला गेले होते. खोकं रिकामं होतं हे तेव्हा कळलं. रिकामं आणलं, भरून नेलं. बाहेर जाताना त्याच्यासाठी दार कोणी धरलं ते फुटेजमध्ये नीट दिसत नाही. पण कोणीतरी धरलं असणार, कारण हातात खोकं घेऊन चाललेल्या माणसासाठी दार धरणार नाही असा माणूस आपल्याकडे मिळणं कठीण आहे.

लॅपटॉपच्या डिस्क एन्क्रिप्टेड होत्या, त्यामुळे डेटाची भीती कमी होती. तरी क्लायंटला कळवावं लागलं. त्यांचा ऑडिट आला, प्रश्नांची भली मोठी यादी आली, आणि आमच्या मॅनेजरची पुढची दोन महिन्यांची झोप गेली. मला काय झालं? एक मेल आला, आणि अर्ध्या तासाचं ऑनलाईन ट्रेनिंग, शेवटी पाच प्रश्न. पाचपैकी पाच मिळाले. गेटवरच्या सिक्युरिटी काकांना काय झालं, ते नंतर सांगतो.

आता या प्रकाराला नाव आहे, टेलगेटिंग. गाडीच्या शेपटीला चिकटून गाडी चालवतात तसं, पुढच्याच्या शेपटीला धरून आत शिरणं. जाणकार लोक यात दोन प्रकार करतात. पुढच्या माणसाला पत्ताच नाही आणि मागचा दार बंद व्हायच्या आत सटकला, तर ते टेलगेटिंग. पुढच्याने स्वतः होऊन आत घेतलं, तर पिगीबॅकिंग, म्हणजे पाठुंगळी बसवून नेणं. माझी केस दुसरी. त्या पोराला काही तोडावं लागलं नाही, काही हॅक करावं लागलं नाही. मी त्याला पाठीवर घेऊन आत नेलं.

का नेलं, यावर मी खूप विचार केला. ट्रेनिंगच्या स्लाईडवर लिहिलेलं असतं, 'जागरूकतेचा अभाव'. अहो, अभाव कसला? मी सॉफ्टवेअरवाला आहे, सिक्युरिटीवर पॉडकास्ट करतो! मला टेलगेटिंग म्हणजे काय हे विचारलं असतं तर पंधरा मिनिटं बोललो असतो. अडचण माहितीची नव्हती. अडचण अशी की मागे भिजलेला माणूस उभा आहे, दोन्ही हात गुंतलेत, आणि मी त्याच्या तोंडावर दार लावून घ्यायचं. आपल्या घरात हे शिकवलंच नाही. दारात आलेल्याला 'या, बसा, पाणी घ्या' हे शिकवलं. नागपुरात तर पत्ता विचारला तर माणूस गाडी काढून सोडून येतो. तुमच्या अंगात मुरलेली ही सवय कार्ड रीडरच्या टिक आवाजाने जात नाही.

दुसरं म्हणजे, 'भाऊ, तुझं कार्ड दाखव' म्हणणं म्हणजे आपल्याकडे जवळजवळ 'तू चोर आहेस' म्हटल्यासारखं आहे. समोरचा खरंच आपलाच निघाला, आणि वरून सीनियर निघाला, तर? मग कँटीनमध्ये आठवडाभर, "अबे हा बघ, डायरेक्टरला आयडी मागतो बे!" ही भीती सगळ्यांना असते. ज्याला आत घुसायचंय त्याला ही भीती आपल्यापेक्षा जास्त चांगली कळते.

इथे मला मुंबईची एक जुनी गोष्ट सांगायची आहे. 'स्पेशल २६' सिनेमा बघितला असेल, २०१३ चा. तो ज्या खऱ्या घटनेवरून घेतला ती १९ मार्च १९८७ ची. त्याच्या आधी पेपरात जाहिरात आली, हुशार पदवीधर पाहिजेत, इंटेलिजन्स ऑफिसर आणि सिक्युरिटी ऑफिसरच्या जागा. मुलाखती कुठे? ताजमहाल हॉटेलात. मोहन सिंग असं नाव सांगणाऱ्या एका माणसाने पोरं निवडली, त्यांना सांगितलं की ही तुमची सरावाची धाड आहे, आणि सगळ्यांना बसमध्ये बसवून ऑपेरा हाऊसच्या त्रिभोवनदास भीमजी झवेरी यांच्या पेढीवर नेलं. सीबीआयची धाड म्हणून. दागिन्यांचे 'नमुने' घेतले, पिशव्यांना सील लावलं, पोरांना पहाऱ्यावर उभं केलं, आणि साहेब टॅक्सीत बसून निघून गेले. तीसेक लाखांचा माल, १९८७ चे तीस लाख. तो माणूस आजपर्यंत सापडला नाही.

मला यातले दागिने महत्त्वाचे वाटत नाहीत. ती पोरं महत्त्वाची वाटतात. ती खोटं बोलत नव्हती. त्यांना खरंच वाटत होतं की आपण सरकारी कामावर आलोय, म्हणून त्यांच्या चेहऱ्यावर खरा आत्मविश्वास होता. आणि पेढीवरच्यांनी काय बघितलं? रांगेत उभी असलेली नीटनेटकी पोरं, कागद, हुकूम देणारा साहेब. धाडीला आलेल्या साहेबाला 'तुमच्या ऑफिसला फोन करून खात्री करतो, थांबा' असं म्हणायची कोणाची हिंमत? अख्खी योजना त्या एका न विचारलेल्या प्रश्नावर उभी होती.

आणि हे फक्त चोऱ्यामाऱ्यांचं नाही. नागपूरकरांना १ जून २००६ ची पहाट आठवत असेल. मी तेव्हा शाळेत होतो, पण घरातले मोठे लोक दिवसभर टीव्हीसमोर होते ते आठवतं. महालातल्या संघ मुख्यालयावर हल्ला करायला तिघं आले होते. पांढरी अँबेसेडर, वर लाल दिवा, अंगावर पोलिसांची वर्दी. पोलिसांना गाडीचा संशय आला आणि चकमकीत तिघंही मारले गेले. त्याच्या आधी १३ डिसेंबर २००१ ला संसदेवर हल्ला झाला तेव्हाही पांढरी अँबेसेडर, लाल दिवा, काचेवर गृहमंत्रालयाचं स्टिकर. त्या काळात लाल दिवा म्हणजे भारतातलं सगळ्यात भारी ॲक्सेस कार्ड होतं. कुठलाही रीडर नको, फाटक आपोआप उघडायचं. १ मे २०१७ पासून मंत्री-अधिकाऱ्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे गेले. त्यामागचं कारण व्हीआयपी संस्कृती हे होतं, पण माझ्या मते सुरक्षेच्या दृष्टीनेही ते बरंच झालं.

महालात त्या पहाटे काय झालं, तर वर्दी आणि दिवा दिसत असूनही कोणीतरी गाडीकडे परत एकदा बघितलं. ते 'परत एकदा बघणं' ऑफिसच्या दारावर कसं आणायचं, हा खरा प्रश्न आहे.

कंपन्यांचं पहिलं उत्तर असतं, नवीन मशीन लावा. मशीनबद्दल थोडं बोलूया, कारण त्यातही गमती आहेत.

आपल्या गळ्यातलं कार्ड. बऱ्याच ऑफिसांत अजून १२५ किलोहर्ट्झची कार्डं चालतात, जाडसर, पांढरी. यात गुप्त असं काही नसतं. रीडरजवळ नेलं की कार्ड आपला नंबर ओरडून सांगतं, आणि रीडर तो ऐकून दार उघडतो. कोणीही विचारो, ते सांगणारच. ऑनलाईन मिळणाऱ्या स्वस्त मशीनवर त्याची कॉपी एका मिनिटात होते. त्याच्या पुढची मायफेअर क्लासिक, १३.५६ मेगाहर्ट्झची. यात एन्क्रिप्शन होतं, पण कंपनीने घरच्या घरी बनवलेलं. २००८ मध्ये नेदरलँड्सच्या राडबाउड विद्यापीठातल्या संशोधकांनी ते फोडून दाखवलं. चिप बनवणारी कंपनी कोर्टात गेली की हे छापू देऊ नका. कोर्ट म्हणालं, छापू द्या. माझा या निकालावर फार जीव आहे, कारण दोष लपवून कुलूप पक्कं होत नाही. आज घ्यायचंच असेल तर एईएस वापरणारी कार्डं घ्या, डेसफायरसारखी. आणि हो, रीडरपासून आत कंट्रोलरपर्यंत जी वायर जाते तिच्यावर बऱ्याच ठिकाणी वीगँड नावाची जुनी पद्धत चालते, ज्यात नंबर उघडा जातो. त्याला ओएसडीपी हा पर्याय आहे. तुमच्या अ‍ॅडमिनवाल्यांना विचारून बघा, चहा पिता पिता.

मग कुलूप. काचेच्या दारावर वर जी लांब पट्टी असते ती इलेक्ट्रोमॅग्नेट. साधारण सहाशे पाउंड, म्हणजे २७० किलोच्या आसपास ओढ धरते. पण करंट गेला की सुटते. मुद्दाम तशी बनवलेली असते, कारण आग लागली, लाईट गेली, तर माणसं आत कोंडून मरायला नकोत. म्हणून आतून बाहेर जायचा रस्ता कायम सोपा ठेवावा लागतो, बटण किंवा काच फोडायचा लाल डबा. कृपा करून चोरीच्या भीतीने कोणी बाहेरच्या वाटेला साखळी-कुलूप लावू नका. मी एका ठिकाणी जिन्याच्या दाराला सायकलची चेन बघितली आहे. चोराला अडवायला चारशे माणसं कोंडायची, हा कुठला हिशोब?

आता यातलं सगळं जरी उत्तम लावलं, तरी माझ्या त्या चार सेकंदांवर काय परिणाम झाला असता? शून्य. कार्ड एईएसचं असतं, वायर पक्की असती, मी कार्ड खरंच लावलं होतं आणि दार खरंच माझ्यासाठी उघडलं होतं. दाराला हे कळत नाही की उघडल्यावर एक माणूस गेला की दोन.

त्यासाठी वेगळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे दार जास्त वेळ उघडं राहिलं तर ओरडणारा अलार्म. तो आमच्याकडे आधीपासून होता. इतका ओरडायचा की कोणीतरी त्याच्या स्पीकरवर टेप लावला होता. दुसरं, अँटी-पासबॅक. म्हणजे सिस्टीम लक्षात ठेवते की तुम्ही आत आहात की बाहेर. आत जाताना कार्ड मारलं नसेल तर बाहेर जाताना दार उघडणार नाही, आणि उलटंही तसंच. कागदावर एकदम छान वाटतं. आमच्याकडे चोरीनंतर सोमवारी चालू केलं. दुपारी जेवण झालं, सात-आठ जण चहाला टपरीवर गेले. जाताना पहिल्याने कार्ड मारलं, बाकीचे गप्पा मारत त्याच्या मागे बाहेर. परत आले तर पहिला आत, बाकी सगळे काचेबाहेर. सिस्टीमच्या हिशोबाने ते आतच होते! त्यात एकाचा तीन वाजता क्लायंट कॉल. तो काचेवर ठोकतोय, आतले फोटो काढताहेत. संध्याकाळपर्यंत वरून फोन आला आणि अँटी-पासबॅक बंद झालं. मला वाटतं तेव्हा बंद करायला नको होतं. एक आठवडा सगळ्यांनी असं काचेबाहेर उभं राहिलं असतं तर सवय लागली असती. पण माझं मत विचारायची ती वेळ नव्हती, कारण दार धरणारा मीच होतो.

तिसरी गोष्ट म्हणजे दाराचा आकारच बदलणं. मला हे मेट्रोत लक्षात आलं. मी कधी कधी खापरीहून मेट्रोने येतो. तिथे कार्ड लावतो, फ्लॅप उघडतात, मी जातो, बंद होतात. आजपर्यंत मागच्या माणसाने 'भाऊ, जरा पकड ना' म्हटलेलं नाही, आणि मलाही त्याच्यासाठी फ्लॅप अडवून धरावासा वाटलेला नाही. माणूस तोच, संस्कार तेच. फरक इतकाच की तिथे धरायला हँडलच नाही. दाराला हँडल असलं की ते धरणं सभ्यपणा होतो. फ्लॅप गेटवर ज्याने त्याने आपलं कार्ड लावायचं, त्यात कोणाचा अपमान नाही. म्हणून जिथे पैसा आणि जागा आहे तिथे मुख्य दाराला फ्लॅप बॅरिअर लावा, आणि शेजारी सामानासाठी, व्हीलचेअरसाठी एक रुंद गेट, ज्यावर माणूस असेल. सर्व्हर रूमसाठी दोन दारांची खोली, पहिलं बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नाही.

पण सगळ्यांकडे पैसा नसतो. छोटं ऑफिस, तिसरा मजला, एक काचेचं दार आणि एक गार्ड. तिथे सगळा भार त्या गार्डवर. म्हणून आता काकांबद्दल.

आमचे काका हिंगण्याकडचे. साठीच्या जवळ. बारा तासांची ड्युटी, प्लॅस्टिकची खुर्ची, पुढे रजिस्टर. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला असताना आम्ही काचेच्या आत एसीत, ते काचेच्या बाहेर. त्यांच्या नोकरीचे दोन मालक, एक आम्ही आणि एक एजन्सी, आणि अडचणीच्या वेळी एकही नाही. गार्डच्या प्रशिक्षणासाठी आपल्याकडे कायदा आहे बरं का. २००५ चा खाजगी सुरक्षा एजन्सींचा कायदा, आणि केंद्राच्या २००६ च्या नमुना नियमांत १०० तास वर्गातलं आणि ६० तास मैदानावरचं प्रशिक्षण सांगितलं होतं. महाराष्ट्रात तर त्याच्याही आधी, १९८१ पासून, खाजगी सुरक्षा रक्षकांची नोकरी आणि कल्याण यासाठी वेगळा कायदा आहे, त्याखाली सुरक्षा रक्षक मंडळं आहेत. काकांना मी एकदा विचारलं होतं, ट्रेनिंग किती दिवसांचं झालं? ते हसले. म्हणाले, "सर, शर्ट देल्ला, टोपी देल्ली, गेट दाखवलं. झालं टेरनिंग."

त्यांना अडवता येत नव्हतं असं नाही. आल्या आल्या पहिल्या महिन्यात त्यांनी एकाला कार्ड नाही म्हणून अडवलं होतं. तो निघाला आमचा एक मोठा साहेब, पुण्याहून आलेला. साहेब लॉबीत सगळ्यांसमोर ओरडला, "तुला माहीत आहे मी कोण आहे?" आम्ही दहा-बारा जण तिथे होतो. मीही होतो. कोणी म्हटलं नाही की साहेब, काका बरोबर आहेत. मी मोबाईलमध्ये बघत राहिलो. त्या दिवसापासून काकांनी इस्त्रीचा शर्ट अडवणं बंद केलं. ते फक्त झोमॅटोवाल्याला, प्लंबरला आणि हाऊसकीपिंगच्या नवीन मावशीला अडवायचे. तो खोकंवाला पोरगा इस्त्रीच्या शर्टात आला तेव्हा काका त्याच्याकडे बघतात आणि मान खाली घालतात, हे फुटेजमध्ये स्पष्ट दिसतं. ते बघताना मला माझे चार सेकंद कमी टोचले आणि लॉबीतला तो दिवस जास्त टोचला.

चोरीच्या दिवशी संध्याकाळी एजन्सीने काकांना आमच्या साईटवरून काढलं. त्यांच्या खुर्चीवर दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरा माणूस. मी एचआरला मेल केला की दार मी उघडलं, गार्डची चूक माझ्यापेक्षा कमी आहे. उत्तर आलं, 'नोटेड'.

पुढे काही बदललं का? थोडंफार. कार्ड घरी विसरणाऱ्यांसाठी आधी एवढी कटकट होती, मॅनेजरचा मेल, अ‍ॅडमिनची सही, की लोक सरळ कोणाच्या तरी मागे आत यायचे. म्हणजे नियमानेच टेलगेटिंग शिकवलं होतं. आता गेटवर टॅबमध्ये नाव टाकलं, फोटो जुळला, की दिवसाचं कार्ड मिळतं, दोन मिनिटांत. एवढ्या एका गोष्टीने मागे मागे येणारे निम्म्याहून कमी झाले, हे मी डोळ्यांनी बघितलंय. व्हिजिटरचं उघडं रजिस्टर गेलं. त्याचा एक धोका आधी माझ्याही लक्षात आला नव्हता: कोण, कोणत्या कंपनीतून, कोणाला भेटायला, मोबाईल नंबरसकट, सगळं पुढच्या पाहुण्याला वाचायला मोकळं. खोटं कारण बनवायला यापेक्षा चांगलं साहित्य काय पाहिजे? 'अमुक सरांकडे एसी सर्व्हिसिंगला आलोय, मागच्या मंगळवारी पण आलो होतो.'

आणि मी माझ्यापुरतं एक वाक्य पाठ केलंय. मागे कोणी आलं की म्हणतो, "भाऊ, तुझं पण पंच करून घे ना, नाहीतर हाफ डे लागेल." यात संशय नाही, उलट काळजी आहे. खरा सहकारी असेल तर तो पटकन कार्ड काढतो, कारण हाफ डे कोणालाच नको. ज्याच्याकडे कार्ड नाही त्याची मात्र पंचाईत होते. हातात खोकं असेल तर मी खोकं धरतो, दार नाही. "आण, मी पकडतो, तू कार्ड लाव." माणुसकीही राहते.

एक सूचना मात्र करतो. हे ऐकून उद्या कोणी स्वतःच्या ऑफिसात गंमत म्हणून घुसून बघायला जाऊ नका. २०१९ मध्ये अमेरिकेत आयोवा राज्यात दोन जणांना कोर्टाच्या इमारतीची सुरक्षा तपासायचं रीतसर काम मिळालं होतं, हातात कागद होता, तरी पोलिसांनी त्यांना अटक केली. राज्याने काम दिलं होतं, काउंटीला ते मान्य नव्हतं. आरोप मागे घ्यायला पुढचं वर्ष उजाडलं. तुमच्याकडे तर कागदही नसेल.

तर काका. दिवाळीनंतर हाऊसकीपिंगच्या मावशींकडून त्यांचा नंबर मिळाला. फोन केला. काय बोलायचं ते ठरवलं होतं, पण 'काका, मी तो...' एवढंच बोललो. ते म्हणाले, "मालूम आहे सर. जाऊ द्या ना, होत राहते असं." मग म्हणाले, "एक काम होतं. माहा रेनकोट अन् थर्मास तिथंच कॅबिनमधी राहून गेला. नवीन माणसानं फेकला नसन तं पाहता का?"

रेनकोट होता. थर्मास नव्हता, मी नवीन घेतला. रविवारी गाडीवर घेऊन गेलो. हिंगणा एमआयडीसीत एक गोदाम, काका आता तिथे रात्रपाळीला. संध्याकाळी सातला पोहोचलो. काका लोखंडी गेटच्या आत, मी बाहेर. मी म्हणालो, काका, दोन मिनिटं आत येतो, बसून बोलू. ते जरा अवघडले. म्हणाले, "सर, राग नका मानू. तुमाले आत नाही घेता येत, गेटपास नाही ना. थांबा, मीच येतो बाहीर." मग त्यांनी आतल्या दुसऱ्या माणसाला गेटवर उभं केलं, रजिस्टरमध्ये स्वतःची बाहेर पडायची वेळ लिहिली, आणि बाहेर आले. समोरच्या टपरीवर आम्ही चहा घेतला. पैसे त्यांनी देऊ दिले नाहीत, मला.

चला, आजच्यापुरतं इतकंच. तुमच्या ऑफिसच्या दाराचे किस्से असतील तर व्हॉइस नोट पाठवा, कंपनीचं नाव न घेता. पुढचा भाग फिशिंगवर. नक्की.